बळी किती? आणि कितीत?



अशी कल्पना करा की, उद्यापासून आंतरशालेय क्रिकेट सामने सुरू होणार आहेत आणि आज तुमच्या शाळेचा संघ निवडायचा आहे. दहा नावे ठरली. अकरावी जागा एका गोलंदाजाला द्यायची आहे आणि त्या एका जागेसाठी दोघेजण वाट पाहत उभे आहेत. एक डावखुरा फिरकी गोलंदाज, दुसरा जलदगती. सर म्हणतात, "वही आणा. वर्षभरात कोणी किती बळी घेतले ते पाहू."

वही उघडली. फिरकी गोलंदाजाचे बळी १८, जलदगती गोलंदाजाचे १२. सरांनी पेन उचलले आणि फिरकी गोलंदाजाचे नाव लिहायला सुरुवात केली. इतक्यात मागून कोणीतरी म्हणाले, "पण सर, तो नऊ सामने खेळलाय आणि हा चारच!"

सरांचे पेन थांबले. तुम्ही सरांच्या जागी असता, तर काय केले असते?

प्रश्न एका जागेचा असला, तरी ज्याला ती मिळणार नाही त्याच्या दृष्टीने तो लहान नाही. चुकीच्या हिशेबाने त्याला बाहेर बसावे लागले, तर तो अन्यायच होईल. म्हणून हा हिशेब नीट कसा करायचा ते आज आपण शिकू. त्यासाठी मोठ्या मैदानावरचे उदाहरण घेऊ : एका वर्षात कसोटी क्रिकेटमध्ये सर्वांत जास्त बळी घेणारे गोलंदाज. शाळेच्या वहीकडे आपण शेवटी परत येऊ.

बळी म्हणजे नेमके काय?

कोणतीही गोष्ट मोजण्यापूर्वी ती म्हणजे काय, हे ठरवावे लागते. शास्त्राचा हा पहिला नियम आहे. फलंदाज बाद झाला म्हणजे गोलंदाजाला बळी मिळालाच, असे नाही. फलंदाज त्रिफळाचीत, झेलचीत, पायचीत, यष्टिचीत किंवा स्वयंचीत झाला, तर तो बळी गोलंदाजाच्या नावावर लिहितात. धावचीत झाला, तर संघाला फायदा होतो, पण गोलंदाजाच्या खात्यात काही जमा होत नाही.

आता वरची मर्यादा पाहू. एका डावात जास्तीत जास्त दहा गडी बाद होतात. कसोटी सामन्यात प्रतिस्पर्ध्यांचे डाव दोन. म्हणजे एका कसोटीत एका संघाला जास्तीत जास्त २० बळी मिळू शकतात आणि ते सर्व गोलंदाजांत वाटले जातात. १९५६ साली मँचेस्टरला इंग्लंडच्या जिम लेकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध या २० पैकी १९ बळी एकट्याने घेतले, तेही केवळ ९० धावांत. उरलेला एक बळी टोनी लॉकला मिळाला. एका कसोटीतला हा विक्रम आजवर कोणी मोडलेला नाही.

२० ही मर्यादा ध्यानात ठेवा. ती पुढे उपयोगी पडेल.

वर्षभराची यादी

१ जानेवारी ते ३१ डिसेंबर एवढ्या काळात सर्वांत जास्त कसोटी बळी घेण्याचा विक्रम ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न याच्या नावावर आहे. २००५ साली त्याने ९६ बळी घेतले. त्याच्या पाठोपाठ श्रीलंकेचा मुथय्या मुरलीधरन येतो. त्याने २००६ साली ९० बळी घेतले. त्याआधी २४ वर्षे हा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीकडे होता. त्याचे १९८१ सालचे बळी ८५. दक्षिण आफ्रिकेच्या अॅलन डोनाल्डने १९९८ साली ८० बळी घेतले आणि मुरलीधरननेही २००१ साली तेवढेच घेतले होते.

आपल्या देशापुरते बोलायचे, तर कपिल देवने १९८३ साली ७५ बळी घेतले. पुढे ७० चा आकडा अनिल कुंबळेने २००४ साली, रविचंद्रन अश्विनने २०१६ साली आणि जसप्रीत बुमराने २०२४ साली ओलांडला.

यांतले सहाजण घेऊन एक लहानसे कोष्टक करू. प्रत्येकासमोर तो किती कसोटी सामने खेळला आणि एका बळीमागे त्याने सरासरी किती धावा दिल्या, तेही लिहू. ही संपूर्ण यादी नव्हे. आपल्या हिशेबासाठी निवडलेली ही सहा उदाहरणे आहेत.

वॉर्न (२००५) : सामने १५, बळी ९६, सरासरी २२.०
मुरलीधरन (२००६) : सामने ११, बळी ९०, सरासरी १६.९
लिली (१९८१) : सामने १३, बळी ८५, सरासरी २१.०
डोनाल्ड (१९९८) : सामने १४, बळी ८०, सरासरी १९.६
कपिल देव (१९८३) : सामने १८, बळी ७५, सरासरी २३.२
बुमरा (२०२४) : सामने १३, बळी ७१, सरासरी १४.९

फक्त बळींचा रकाना वाचला, तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. वॉर्न पहिला, बुमरा शेवटचा. पण सरांच्या मागून आलेला तो आवाज आठवा. नऊ सामन्यांतले १८ आणि चार सामन्यांतले १२ यांची तुलना करायची कशी? आंब्याच्या दोन पेट्या समोर आहेत, एकीत ४८ आंबे आणि दुसरीत ६०. दुसरी पेटी स्वस्त पडली की महाग, हे पेटीची किंमत कळल्याशिवाय सांगता येईल का? येथेही तसेच आहे. नुसती बेरीज पुरत नाही. भागाकार करावा लागतो.

पहिला भाजक : सामने

बळींच्या संख्येला सामन्यांच्या संख्येने भागू. वॉर्नचे ९६ भागिले १५ म्हणजे ६.४. मुरलीधरनचे ९० भागिले ११ म्हणजे ८.२. याच रीतीने लिली ६.५, डोनाल्ड ५.७, बुमरा ५.५ आणि कपिल देव ४.२.

क्रम लगेच बदलला. मुरलीधरन पहिला झाला, लिली दुसरा, आणि वॉर्न तिसऱ्या जागी आला.

२० च्या मर्यादेचा उपयोग येथे करून पाहा. ११ कसोटींत जास्तीत जास्त २२० बळी मिळू शकतात. त्यांतले ९० मुरलीधरनने एकट्याने घेतले, म्हणजे शेकडा ४१. प्रत्यक्षात प्रत्येक सामन्यात वीसही गडी बाद होत नाहीत. कधी पाऊस येतो, कधी डाव घोषित होतो. म्हणजे पडलेल्या गड्यांत त्याचा खरा वाटा याहूनही मोठा असणार.

दुसरा भाजक आणि तिसरा भाजक

आता दुसऱ्या बाजूने पाहू. गोलंदाजाचे काम दुहेरी असते : गडी बाद करायचे आणि धावा रोखायच्या. गोलंदाजाने दिलेल्या एकूण धावांना त्याच्या बळींनी भागले की त्याची सरासरी मिळते. फलंदाजाची सरासरी जितकी मोठी तितकी चांगली, पण गोलंदाजाची सरासरी जितकी लहान तितकी चांगली. हे उलटे का, तर येथे धावा ही किंमत आहे आणि बळी हा माल आहे. आंबा जितका स्वस्त मिळेल तितका बरा!

सरासरीप्रमाणे लावलेला क्रम असा येतो : बुमरा, मुरलीधरन, डोनाल्ड, लिली, वॉर्न, कपिल देव. बळींच्या रकान्यात शेवटचा असलेला बुमरा येथे पहिला आला आणि पहिला असलेला वॉर्न पाचवा झाला. आकडे तेच, माणसे तीच. फक्त आपण विचारलेला प्रश्न बदलला.

सरासरीचेही आणखी दोन तुकडे करता येतात. एक बळी मिळवायला किती चेंडू लागले, हा पहिला तुकडा. एका चेंडूमागे किती धावा दिल्या, हा दुसरा. या दोहोंचा गुणाकार म्हणजे सरासरी. बुमराला २०२४ साली दर बळीमागे सुमारे ३० चेंडू टाकावे लागले, म्हणजे पाच षटके. त्याची सरासरी सुमारे १५. यावरून एका चेंडूमागे अर्धी धाव, म्हणजे षटकामागे तीन धावा हा हिशेब तुम्ही तोंडी करू शकता. गडी लवकर बाद करणे आणि धावा कमी देणे, ही दोन्ही कामे त्याने एकाच वेळी साधली होती.

येथे "षटके" न म्हणता "चेंडू" का मोजायचे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे कारण एककाचे आहे. षटक या शब्दातच सहा आहेत, पण षटक नेहमी सहा चेंडूंचेच होते असे नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चार चेंडूंचे षटक असे. ऑस्ट्रेलियात तर १९७८-७९ च्या मोसमापर्यंत आठ चेंडूंचे षटक टाकत. लिलीने आपल्या कारकिर्दीत दोन्ही प्रकारची षटके टाकली. मग त्याची षटके मोजून इतरांशी तुलना केली, तर फूटपट्टी बदलून लांबी मोजल्यासारखे होईल. चेंडू हे एकक मात्र सर्व काळी एकच आहे.

धावांच्या बाबतीतही अशी एक सूक्ष्म अडचण आहे. पूर्वी वाइड आणि नोबॉल यांच्या धावा संघाच्या अवांतर धावांत जात, गोलंदाजाच्या नावावर लागत नसत. १९८० नंतरच्या दशकात ही पद्धत बदलली. म्हणून जुन्या गोलंदाजांची सरासरी आजच्या हिशेबापेक्षा किंचित चांगली दिसते. फरक थोडा असतो, पण दोन सरासरी अगदी जवळ असल्या, तर तो विसरून चालत नाही.

वर्षाची भिंत

आतापर्यंत आपण "एका वर्षात" असे म्हणत आलो. पण वर्ष १ जानेवारीला सुरू होते हे माणसाने ठरवले आहे. क्रिकेटचा मोसम ते ओळखत नाही. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि आपल्याकडेही मोसमाच्या मधोमध ३१ डिसेंबर येतो आणि एका मालिकेचे दोन तुकडे होतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडच्या सिडनी बार्न्सचे आहे. १९१३-१४ च्या मोसमात दक्षिण आफ्रिकेत त्याने चार कसोटींत ४९ बळी घेतले. पाचव्या कसोटीत तो खेळलाच नाही. एका मालिकेतला हा विक्रम शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. आता वर्षाची भिंत कोठे आली पाहा. पहिल्या दोन कसोटी डिसेंबर १९१३ मध्ये झाल्या, त्यांत त्याचे बळी २७. उरलेल्या दोन जानेवारी आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये झाल्या, त्यांत २२. जगातली सर्वांत मोठी मालिका, पण वर्षवार यादीत तिचे दोन मध्यम आकाराचे तुकडे झाले!

बुमराच्या बाबतीतही भिंत आड आली. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने ३२ बळी घेतले. त्यांतले ३० डिसेंबर अखेरपर्यंतचे, म्हणून ते २०२४ च्या खात्यात गेले. सिडनीच्या शेवटच्या कसोटीतले दोन मात्र २०२५ मध्ये मोजले गेले.

वर्षाची लांबी सारखी असली, तरी त्यात किती क्रिकेट मावते हे सारखे नसते. पहिला कसोटी सामना १८७७ साली मेलबर्नला झाला. त्या काळात काही वर्षांत एकही कसोटी झाली नाही. १९१५ ते १९१९ या वर्षांत महायुद्धामुळे कसोटी क्रिकेट बंदच होते. अगदी अलीकडे २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे महिनोन् महिने मैदाने ओस पडली. त्या वर्षी सर्वांत जास्त बळी घेणारा गोलंदाज इंग्लंडचा स्टुअर्ट ब्रॉड होता आणि त्याचे बळी होते ३८! सामने केवळ आठ आणि सरासरी १५ च्या आत. ब्रॉड त्या वर्षी वाईट खेळला, असे कोणी म्हणेल का? वर्षच आखूड झाले होते.

काय मोजायचे यावरही मतभेद होतात. ऑक्टोबर २००५ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलिया विरुद्ध जागतिक संघ असा एक सामना झाला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाने त्याला कसोटीचा दर्जा दिला, पण काही जाणकारांना तो मान्य नव्हता. वॉर्नने त्या सामन्यात सहा बळी घेतले. ते वजा केले, तर त्याचे ९६ चे ९० होतात, म्हणजे मुरलीधरनएवढेच. अधिकृत आकडा ९६ हाच आहे. पण आकड्यामागे कोणता निर्णय दडला आहे, हे आपल्याला ठाऊक असावे.

थोड्या सामन्यांचा मोह

"मग दर सामन्यामागचे बळी काढावे म्हणजे झाले," असे कोणी म्हणेल. थांबा. त्यातही एक खड्डा आहे.

जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला नरेंद्र हिरवाणी हा १९ वर्षांचा लेगस्पिनर आपला पहिला कसोटी सामना खेळला. समोर वेस्ट इंडीजचा बलाढ्य संघ होता. हिरवाणीने पहिल्या डावात ६१ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ७५ धावांत ८ गडी बाद केले. एकूण १३६ धावांत १६ बळी. पदार्पणात ऑस्ट्रेलियाच्या बॉब मॅसीने १९७२ साली १३७ धावांत १६ बळी घेतले होते. तो विक्रम हिरवाणीने एका धावेने मागे टाकला. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूझीलंडविरुद्ध तीन कसोटींत त्याने आणखी २० बळी घेतले. म्हणजे १९८८ सालात चार कसोटी आणि ३६ बळी. दर सामन्यात नऊ!

आपल्या कोष्टकातला मुरलीधरनचा आकडा ८.२ होता. मग हिरवाणी मुरलीधरनपेक्षा श्रेष्ठ म्हणायचा काय? पुढे काय झाले ते पाहा. हिरवाणी एकंदर १७ कसोटी खेळला आणि त्याचे बळी झाले ६६. म्हणजे पुढच्या १३ सामन्यांत त्याला ३० बळी मिळाले, सामन्याला सरासरी २.३. मॅसी तर सहाच कसोटी खेळला.

यात हिरवाणीची थट्टा नाही. मद्रासचे ते १६ बळी खरे आहेत आणि ते कोणी पुसू शकत नाही. मुद्दा असा की, नाणे चार वेळा उडवले आणि चारही वेळा छाप पडली, तर नाण्याला दोन्ही बाजूंनी छाप आहे असे आपण म्हणत नाही. आणखी उडवून पाहतो. निरीक्षणे थोडी असली की एखादा असामान्य दिवस सगळी सरासरी आपल्याकडे ओढून घेतो. निरीक्षणे वाढत गेली की सरासरी हळूहळू आपल्या खऱ्या जागी येते. म्हणूनच सरासरीच्या याद्यांत "किमान इतके सामने" किंवा "किमान इतके बळी" अशी अट घालतात.

आकड्यात न मावणारे

भागाकारात न दिसणाऱ्या गोष्टीही असतात. बार्न्सच्या वेळी दक्षिण आफ्रिकेत हिरवळीच्या खेळपट्टीऐवजी चटईवर सामने होत आणि चटईवर चेंडू फार उसळे व वळे. लिलीने १९८१ साली इंग्लंडमध्ये सहा कसोटींत ३९ बळी घेतले, पण त्याच मालिकेत त्याचा साथीदार टेरी आल्डरमनने ४२ घेतले. ताटातले वाढप दोघांत विभागले गेले. आणि २००५ साली वॉर्नने इंग्लंडविरुद्ध पाच कसोटींत ४० बळी घेतले, तरी ती मालिका ऑस्ट्रेलियाने गमावलीच.

आता कपिल देवकडे वळू. आपल्या दोन्ही भागाकारांत तो शेवटचा आला. म्हणून तो सहांमध्ये सर्वांत कमी, असे म्हणायचे का? १९८३ साली तो १८ कसोटी खेळला. त्यांतल्या ११ त्या काळच्या सर्वांत बलाढ्य संघाविरुद्ध, म्हणजे वेस्ट इंडीजविरुद्ध होत्या. उरलेल्या सात पाकिस्तानविरुद्ध. १८ पैकी १४ सामन्यांत तो कर्णधार होता. शिवाय तो फलंदाजीही करत असे. त्याच वर्षी जून महिन्यात त्याच्या संघाने विश्वचषक जिंकला, पण ते सामने एक दिवसाचे असल्यामुळे त्यांतले बळी या ७५ मध्ये धरलेले नाहीत. नोव्हेंबरमध्ये अहमदाबादला त्याने एका डावात ८३ धावांत ९ गडी बाद केले आणि तरीही भारत तो सामना हरला. "१८" हा आकडा आपण भाजक म्हणून वापरला आणि त्यामुळे भागाकार लहान झाला. पण जलदगती गोलंदाजासाठी एका वर्षात १८ कसोटी खेळणे हेच मुळात सोपे काम नव्हे.

ते सोपे का नाही, हे शरीरशास्त्र सांगते. जलदगती गोलंदाज धावत येऊन पुढचा पाय जमिनीवर आपटतो, तेव्हा त्या पायावर त्याच्या शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर येतो. त्याच क्षणी पाठीचा कणा वाकतो आणि पिळला जातो. हे एकदा नव्हे, दर चेंडूला. तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती एके ठिकाणी तुटते. तसेच कण्याच्या खालच्या मणक्यांना बारीक तडे जाऊ शकतात. लिलीला १९७३ साली हेच झाले. त्याच्या पाठीच्या मणक्यांना तडे गेले आणि त्याची कारकीर्द संपली, असे अनेकांना वाटले. विश्रांती घेऊन, व्यायाम करून, गोलंदाजीची पद्धत बदलून तो परत आला. १९८१ चे ८५ बळी त्यानंतरचे आहेत आणि त्या वर्षी त्याने वयाची बत्तिशी गाठली होती.

ऑस्ट्रेलियातल्या त्या मालिकेत बुमराने ९०८ चेंडू टाकले. शेवटच्या सिडनी कसोटीत पाठीच्या दुखण्यामुळे त्याला मैदान सोडावे लागले आणि सामन्याचा निकाल ज्या डावात लागला, त्या डावात तो एकही चेंडू टाकू शकला नाही. बळी ही जमेची बाजू, तर चेंडू ही खर्चाची बाजू. चांगला हिशेबनीस दोन्ही बाजू लिहितो.

पुन्हा शाळेची वही

चला, आता सरांना मदत करू. वहीत आणखी आकडे आहेत. फिरकी गोलंदाज : ९ सामने, ५४० चेंडू, ३६० धावा, १८ बळी. जलदगती गोलंदाज : ४ सामने, २४० चेंडू, १६८ धावा, १२ बळी.

फिरकी गोलंदाजाचे सामन्यामागे २ बळी, सरासरी २०, आणि बळीमागे ३० चेंडू. जलदगती गोलंदाजाचे सामन्यामागे ३ बळी, सरासरी १४, आणि बळीमागे २० चेंडू. तीनही भागाकारांत जलदगती गोलंदाज पुढे! मागून बोललेल्या मुलाचे म्हणणे बरोबर ठरले.

पण आपण हिरवाणीचे उदाहरण शिकलो आहोत. पान उलटून प्रत्येक सामना पाहू. जलदगती गोलंदाजाने एका दुबळ्या संघाविरुद्ध २४ धावांत ८ बळी घेतले होते. तो एक सामना बाजूला ठेवला, तर उरलेल्या तीन सामन्यांत १४४ धावांत ४ बळी उरतात, म्हणजे सरासरी ३६. फिरकी गोलंदाजाने मात्र नऊ सामन्यांत प्रत्येक वेळी दोन-दोन बळी घेतले आहेत.

मग निवड कोणाची? याचे एकच उत्तर या वहीत नाही आणि ते आहे असा आव आणणेही बरे नव्हे. उद्याचा सामना ओल्या खेळपट्टीवर आहे की कोरड्या, संघात आधीच किती जलदगती गोलंदाज आहेत, हे सरांना पाहावे लागेल. भागाकाराने एवढे मात्र नक्की केले की, "१८ हे १२ पेक्षा जास्त, म्हणून फिरकी गोलंदाज" हे कारण टिकत नाही. आणि "सरासरी १४ ही २० पेक्षा चांगली, म्हणून जलदगती" हेही डोळे मिटून म्हणता येत नाही. आता जो बाहेर बसेल, त्याला त्यामागचे कारण सांगता येईल. आकडे निर्णय घेत नाहीत. निर्णय घेणाऱ्याला ते प्रामाणिक ठेवतात.

क्रिकेटच नव्हे, कोठेही मोठा आकडा दिसला की हेच प्रश्न विचारा. कोणत्या गावात जास्त रुग्ण, हे विचारताना गावाची लोकसंख्या किती? कोणत्या शेतात जास्त ज्वारी, हे विचारताना शेत किती एकरांचे? "किती?" हा प्रश्न सर्वांना सुचतो. "कितीत?" हा दुसरा प्रश्न सुचला की शास्त्रीय विचाराला सुरुवात झाली.

करून पाहा

१. अनिल कुंबळेने २००४ साली १२ कसोटींत ७४ बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेच्या डेल स्टेनने २००८ साली १३ कसोटींत ७४ घेतले. अश्विनने २०१६ साली १२ कसोटींत ७२ घेतले. दर सामन्यामागे बळी काढून तिघांचा क्रम लावा. नंतर हे पाहा : कुंबळेची सरासरी २४.८ आणि स्टेनची २०.० होती. आता या दोघांचा क्रम बदलतो का?

२. १९८१ च्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेतल्या सहा कसोटींत ऑस्ट्रेलियाला जास्तीत जास्त किती बळी मिळू शकले असते? त्यांतले शेकडा किती लिली आणि आल्डरमन या दोघांनी मिळून घेतले?

३. तुमच्या वर्गाच्या संघाची वही करा. प्रत्येक गोलंदाजासमोर सामने, चेंडू, धावा आणि बळी असे चार रकाने आखा. महिनाभराने तिन्ही भागाकार करा. ज्याला आजवर कोणी विचारले नव्हते, असा एखादा गोलंदाज त्या वहीत वर आलेला दिसेल. दिसला, तर पुढच्या सामन्यात त्याच्या हाती चेंडू द्यायला विसरू नका.

(उत्तरे : १. कुंबळे ६.२, अश्विन ६.०, स्टेन ५.७, सरासरी पाहिली, तर स्टेन कुंबळेच्या पुढे जातो. २. १२० बळी, दोघांचे मिळून ८१, म्हणजे शेकडा ६७.५.)